गरम झाल्यावर बंद पडणारी जुनी बुलेट : चहा प्यायच्या आधी काय तपासायचं

लक्षणं बहुतेकांची सारखीच असतात. सकाळी एका-दोन किकमध्ये गाडी सुरू होते, गावात झकास पळते. हायवेला तासभर झाला, किंवा खंबाटकीच्या चढाला ट्रकमागे दुसऱ्या गिअरमध्ये रखडली, की आधी थोडं मिसिंग, सायलेन्सरमध्ये एखाद-दुसरा फटाका, आणि मग बंद. किका मारून मांडी भरून येते, इंजिन हूं की चूं करत नाही. वैतागून टपरीवर चहा घ्यायचा, परत येऊन मारायची म्हणून एक किक मारायची, तर गाडी काही झालंच नाही अशा थाटात सुरू. पुढचे वीस-पंचवीस किलोमीटर बरे जातात, मग पुन्हा तोच खेळ. दिवस जातात तसा दोन थांब्यांमधला पल्लाही कमी होत जातो.

गॅरेजला न्यावी तर तिथे ती शहाण्यासारखी वागते. मिस्त्री एक किक मारतो, कान देतो आणि म्हणतो, "काय नाय साहेब, मस्त चालतीय." तरी समाधानासाठी प्लग बदलला जातो, कार्ब्युरेटर धुतला जातो, आणि पुढचे काही आठवडे बरे जातात, कारण तेवढ्यात लांबचा फेराच होत नाही. रस्त्यावरही तसंच. प्लग काढला, पॉलिश पेपरने घासला, परत बसवला, सुरू झाली, म्हणजे दोष प्लगचा! प्रत्यक्षात पान्हा शोधून प्लग घासून बसवेपर्यंत पंधरा मिनिटं गेलेली असतात आणि तेवढ्यात इंजिन निवलेलं असतं. निवल्यावर जे आपोआप बरं होणार होतं, ते बरं झालं. प्लगने काहीच केलेलं नसतं.

म्हणून या दुखण्याची तपासणी गाडी बंद पडल्यापासून पहिल्या चार-पाच मिनिटांत करायची. हात भाजतील, मागे बसलेलं माणूस वैतागेल, तरी तेव्हाच. गार गाडीवर केलेली तपासणी या बाबतीत जवळपास फुकट जाते.

मी लिहितोय ते कास्ट आयर्न इंजिनच्या, पॉइंटवाल्या (पॉइंट म्हणजे प्लगच्या ठिणगीसाठी करंट जोडणारी-तोडणारी टोकं) बुलेट ३५० विषयी: ३४६ सीसी, ७० मिलिमीटर बोअर, ९० मिलिमीटर स्ट्रोक, उजव्या पायाला गिअर. १९५५ पासून मद्रासला आधी जुळवलं आणि मग पूर्ण इथेच बनवलं गेलेलं हे इंजिन थोड्याफार फरकाने २०१० च्या आसपासपर्यंत निघत राहिलं, त्यामुळे अजून गल्लोगल्ली सापडतं. पद्मिनी किंवा अ‍ॅम्बेसिडरवाल्यांनाही इग्निशनचा भाग बराचसा लागू पडेल, कारण बॅटरी, कॉइल (बॅटरीच्या करंटला ठिणगीचा जोर देणारी), पॉइंट आणि कंडेन्सर (पॉइंटला जोडलेलं छोटं नळकांडं, त्याचं काम पुढे सांगतो) ही चौकडी तिथेही तीच आहे. पॉइंट काढून इलेक्ट्रॉनिक इग्निशन बसवलेलं असेल तर मात्र थेट पेट्रोल आणि टॅपेटच्या (व्हॉल्व्ह उघडणाऱ्या दांड्यांच्या फटीच्या) भागाकडे जा.

बंद पडली ती कशी पडली?

हे आठवून ठेवा, अर्धं निदान इथेच होतं. चावी फिरवल्यासारखी एका क्षणात गेली, तर बहुधा वायरिंग, कॉइल किंवा बॅटरीचं काम. गचके देत, ओढ कमी होत, चोक ओढल्यावर जराशी सावरत गेली, तर पेट्रोल पोहोचत नाही. चालताना ठीक पण सिग्नलला स्लो धरेना, आणि बंद पडल्यावर किक हलकी लागायला लागली, तर टॅपेट. फटाके, मिसिंग आणि त्यातही वेगात जास्त, तर कंडेन्सर किंवा पॉइंट.

किक खालीच जात नसेल तर पुढचं काही करू नका. पिस्टन धरला आहे. पायाचं सगळं वजन टाकून तो सोडवायच्या फंदात पडू नका. पूर्ण गार होऊ द्या, ऑइल बघा. पिस्टन हा वेगळा आणि महाग विषय आहे.

अँपिअरचा काटा

हेडलाइटच्या वरचं ते छोटं अँपिअर मीटर अनेकांना शोभेचं वाटतं. हौशीने गाडी नवी करून घेताना त्याची वायर जोडायचीही राहून जाते. पण रस्त्याच्या कडेला तुमच्याजवळ असलेलं सगळ्यात चांगलं टेस्टिंगचं हत्यार तेच.

प्लगची टोपी काढा, जवळचा दुसरा प्लग तिच्यात बसवा आणि त्या प्लगची बॉडी हेडच्या फिन्सना टेकेल असा ठेवा. टोपी नुसती लोंबकळत ठेवून किक मारू नका. करंटला वाट मिळाली नाही तर तो कॉइलच्या आतलं इन्सुलेशन फोडून वाट काढतो. आता लाइट बंद, चावी चालू, डिकॉम्प्रेसर (सिलिंडरमधला दाब सोडून किक हलकी करणारा खटका) दाबून हाताने किक हळूहळू खाली न्या आणि काट्याकडे बघा. पॉइंट मिटलेले असताना कॉइल तीन-चार अँपिअर ओढते, त्यामुळे काटा उणे बाजूला झुकतो. पॉइंट उघडले की तो मधोमध येतो. असा झुलत असेल तर बॅटरी, चावी, वायर, कॉइलची प्रायमरी (आतली बॅटरीकडची गुंडाळी) आणि पॉइंटची उघडझाप एवढं सगळं जागेवर आहे.

काटा हललाच नाही, तर करंट पॉइंटपर्यंत जात नाही किंवा पॉइंट टेकत नाहीत. फ्यूज, चावीमागचे जोड, कॉइलच्या वायरचे थिंबल (टोकाचे धातूचे जोड) बघा. पॉइंटवर ऑइल आलं असेल तर पेट्रोलमध्ये भिजवलेला कागद मधून ओढून घ्या. काटा सतत उणेवरच चिकटून बसला, तर कुठेतरी करंट पॉइंट न उघडताच अर्थला मिळतोय. पॉइंटचा फायबर वॉशर उलटसुलट बसला असेल, वायर प्लेटला घासून सोलली असेल, किंवा कंडेन्सर आतून शॉर्ट असेल. हे ओळखणं सोपं आहे: कंडेन्सरची वायर सोडवून पुन्हा बघा. काटा झुलायला लागला, तर चोर सापडला.

कंडेन्सर

काटा नीट झुलतोय पण प्लगला ठिणगी नाही, किंवा आहे ती बारीक पिवळट आणि मधूनच येणारी, अशा गाड्यांत माझा पहिला संशय कंडेन्सरवर असतो आणि तो सहसा खरा ठरतो.

पॉइंट उघडतात त्या क्षणी कॉइलमधला करंट एकदम तुटायला हवा. जितका झटक्यात तुटेल तितकी प्लगला ठिणगी जोरदार. पण करंट सहजासहजी तुटत नाही, तो उघडत्या पॉइंटच्या फटीतून उडी मारून वाहत राहू पाहतो. कंडेन्सर तेवढ्या क्षणापुरता त्याला पोटात घेतो आणि पॉइंटना पुरेसं दूर जायला उसंत देतो. तो निकामी झाला की ठिणगी प्लगऐवजी पॉइंटवर पडते. आत धातूच्या पातळ पत्र्याची आणि इन्सुलेशनची घट्ट गुंडाळी असते. उष्णता आणि दमट हवा तिचं इन्सुलेशन कमजोर करतात, आतली जोडणी सैल होते. गार असताना ती कशीबशी टेकून काम चालवते, तापून फुगली की सुटते. आणि बुलेटमध्ये या बिचाऱ्याची जागा कुठे? सिलिंडरच्या मागे, पॉइंटच्या डबीत, जिथे वारा सगळ्यात कमी आणि ऊब सगळ्यात जास्त.

तपासायचं असं. पॉइंटच्या डबीचं झाकण काढा, सावलीत किंवा अंगाचा आडोसा करून बघा आणि कुणाला तरी किक मारायला सांगा. उघडताना पॉइंटवर बारीकशी निळसर टिकली दिसते, ती चालते. पण चर्रकन मोठा पिवळा-पांढरा जाळ उडत असेल तर कंडेन्सर गेला. पॉइंटचे तोंड बघा: एका बाजूला उंचवटा आणि समोर त्याच मापाचा खड्डा झाला असेल, तर कंडेन्सरचं हे दुखणं जुनं आहे.

खात्री करायचा उपाय याहून चांगला आहे. दुसरा कुठलाही चांगला कंडेन्सर, अगदी जुन्या कारच्या डिस्ट्रिब्यूटरमधला काढलेलाही, जवळ ठेवा. डबीतल्या कंडेन्सरची वायर सोडवा, आणि हा दुसरा थेट कॉइलवर लावा: वायर कॉइलच्या त्या टोकाला जिथून पॉइंटकडे वायर जाते, आणि बॉडी चेसीला टेकवून. कंडेन्सर पॉइंटशी समांतर जोडलेला असतो, त्यामुळे तो डबीत आहे की टाकीखाली, याने विजेला काही फरक पडत नाही. इंजिन अजून कढत असताना हे केलं आणि दुसऱ्या किकला गाडी धरली, तर आणखी पुराव्याची गरज नाही.

आणि हीच तात्पुरती जोडणी कायमची करून टाकावी असं माझं स्पष्ट मत आहे. टाकीखाली कॉइलच्या बाजूला तुलनेने गार जागा असते. गाडी जशीच्या तशी राखायची हौस असेल तर जुना कंडेन्सर वायर सोडून डबीत शोभेला राहू द्या, झाकणाआड कोण बघतंय! नवा घेताना पुण्याच्या नाना पेठेतल्या दुकानात जो पहिला हातात येईल तो घेऊ नका. मूळ मालाच्या डबीसारखीच डबी छापलेला नकली माल सर्रास मिळतो आणि तो डबीतल्या उष्णतेत फार टिकत नाही. त्यापेक्षा बुधवार पेठेत किंवा मुंबईला लॅमिंग्टन रोडला इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात ०.२२ मायक्रोफॅराड, ६३० व्होल्टचा पॉलिप्रॉपिलीन फिल्म कपॅसिटर मागा. वडापावपेक्षा फारसा महाग नसतो. पॉइंट उघडताना प्रायमरीत दोन-तीनशे व्होल्टचा झटका येतो, म्हणून व्होल्टेज कमी असलेला घेऊ नका. पायांना वायर डाग देऊन जोडा, हीटश्रिंक नळी चढवा आणि हादऱ्याने पाय तुटू नयेत म्हणून चेसीला झिपटायने बांधा. सिंगल सिलिंडरच्या हादऱ्याला कमी लेखू नका.

नुकतीच रिस्टोअर केलेली गाडी असेल तर एक गोष्ट वेगळी बघायची. चेसीला पावडर कोटिंग केलंय का? ते छान दिसतं, पण करंट अडवतं. कंडेन्सरचा, कॉइलच्या क्लॅम्पचा, बॅटरीच्या अर्थ वायरचा बोल्ट जिथे बसतो तिथला रंग खरवडून उघडा पत्रा काढा. चकाचक रिस्टोअर केलेल्या आणि तरी कुरकुरणाऱ्या गाड्यांत हे फार आढळतं. मिस्त्री जुना, पेंटर नवा, आणि दोघांची गाठ पडलेली नसते.

कॉइल

कॉइलही तापल्यावर दगा देते, आतलं इन्सुलेशन गरम असताना फुटतं. गाडी बंद पडताच टाकीखाली हात घालून बघा. हात टेकवेना इतकी कढत असेल तर पाण्याने भिजवलेलं फडकं फक्त कॉइलवर एक-दोन मिनिटं धरा आणि लगेच किक मारा. एवढ्यात इंजिन निवत नाही, म्हणून सुरू झाली तर दोष कॉइलचा. जास्त वेळ धरलंत तर पुन्हा चहाचाच घोटाळा. मल्टीमीटर असेल तर १२ व्होल्टच्या कॉइलची प्रायमरी साधारण तीन ते चार ओहम दाखवते, पण ही मोजणीसुद्धा कॉइल गरम असतानाच करा.

चावी चालू ठेवून गाडी उभी करायची सवय कॉइलला मारते. पॉइंट मिटलेल्या जागी इंजिन थांबलं असेल तर करंट सतत वाहत राहतो. चहाच्या वेळी चावी काढा.

पॉइंटची फट

फट ०.३५ ते ०.४० मिलिमीटर. फीलर गेज दीड-दोनशे रुपयांत मिळतो, तरी अनेक गॅरेजांत अजून नखाने किंवा ब्लेडच्या अंदाजाने फट धरली जाते. पॉइंटचा जो फायबरचा खूर कॅमवर घासतो, त्याला ग्रीसचं बोट लागलं नाही तर तो झपाट्याने झिजतो. खूर झिजला की फट कमी होते, फट कमी झाली की पॉइंट उशिरा उघडतात, म्हणजे टायमिंग मागे पडतं. टायमिंग मागे पडलं की इंजिन जास्त तापतं, सायलेन्सरचा बेंड निळा पडतो, आणि तापलेलं इंजिन कंडेन्सर आणि कॉइलला आणखी भाजतं. म्हणून नुसता कंडेन्सर बदलून दोन महिन्यांत दुखणं परत आलं, तर फट आणि टायमिंग आधी बघा.

फट बरोबर लावली तरी दर वेळी वेगळी भरते का? कॅमचा दांडा धरून आडवा हलवून बघा. खुळखुळत असेल तर बुश गेलेत. मग फटीचं गणित कागदावरच राहतं. बुश टर्नरकडून नवे बसवून घ्या, एकदाच खर्च होतो.

बॅटरीचं सोंग

या दुखण्याची हुबेहूब नक्कल करणारं आणखी एक दुखणं आहे. आल्टरनेटर किंवा रेक्टिफायर नीट चार्ज करत नसेल, तर इग्निशन आणि हेडलाइट दोन्ही बॅटरीवर जगतात. तास-दीड तासात बॅटरी इतकी खाली येते की ठिणगीला जोर उरत नाही. गाडी बंद. वीस मिनिटं विश्रांती मिळाली की बॅटरी थोडी सावरते आणि किकला गाडी सुरू होते. मालक म्हणतो, "गरम झाली होती." रात्रीच्या प्रवासात जास्त वेळा बंद पडते का, हॉर्नचा आवाज बसलाय का, एवढं विचारलं तरी कळतं. रेस दिल्यावर हेडलाइट चालू असतानाही काटा मधोमध किंवा अधिक बाजूला यायला हवा. उणेवरच राहत असेल तर इंजिनाला हात लावू नका, चार्जिंग बघा.

पेट्रोल

ठिणगी चांगली निळी, कडकडीत आहे आणि तरी सुरू होत नाही? मग टाकीचं झाकण उघडा. आत हवा ओढल्याचा सूं आवाज आला आणि नंतर गाडी धरली, तर झाकणाचं हवेचं भोक बुजलंय. रंग, पॉलिश, धूळ यांनी ते बुजतं, रिस्टोअर केलेल्या गाडीत तर हमखास. बारीक तारेने मोकळं करा.

पाइप कार्ब्युरेटरकडून काढा, बाटलीत धरा, कॉक उघडा. मिनिटभर धार एकसारखी पडायला हवी. सुरुवातीला जोरात आणि मग थेंब-थेंब होत असेल तर कॉकची जाळी गंजाच्या चिखलाने भरलीय किंवा पाइप आतून फुगलाय. पंपावरच्या पेट्रोलमध्ये आता २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं. जुन्या काळच्या रबराला ते मानवत नाही, शिवाय ते पाणी ओढून घेतं, त्यामुळे महिनोन् महिने उभ्या राहणाऱ्या गाडीच्या टाकीत गंज लवकर धरतो. पाइप इथेनॉलला टिकणारा घ्या, आणि गाडी दोन-तीन महिने काढणार नसाल तर कार्ब्युरेटरचा बाऊल (तळाची पेट्रोलची वाटी) रिकामा करून ठेवा.

कार्ब्युरेटर आणि हेडच्या मध्ये काळा जाड इन्सुलेटर असतो, तो जागेवर आहे का तेही पाहा. कुणी तो तुटला म्हणून नुसतं कागदी पॅकिंग घालून भागवलं असेल, तर हेडची सगळी उष्णता बाऊलमधल्या पेट्रोलला लागते आणि उन्हाळ्यात ते आतच उकळतं. नट आवळून आवळून कार्ब्युरेटरचा फ्लँज वाकलाय का, हे काचेवर ठेवून बघा. वाकला असेल तर गार असताना बंद असलेली फट तापल्यावर उघडते, हवा शिरते, मिश्रण पातळ होतं आणि इंजिन आणखी तापतं. काचेवर पॉलिश पेपर पसरून फ्लँज घासून सपाट करता येतो. कंटाळवाणं काम आहे, पण घरी होतं.

टॅपेट

टॅपेट नेहमी पूर्ण गार इंजिनवर, म्हणजे रात्रभर उभ्या गाडीवर. पिस्टन कॉम्प्रेशनच्या वर आणा, झाकण काढा, पुशरॉड बोटांनी फिरवून बघा. सहज फिरायला हवा, पण वर-खाली खुळखुळायला नको. टॅपेटचा आवाज सहन न होणारे मालक "जरा आवळ" म्हणतात, मिस्त्री आवळतो. आवाज जातो. मग तापल्यावर व्हॉल्व्ह पूर्ण बसत नाही, कॉम्प्रेशन निसटतं, स्लो धरत नाही, आणि हे फार दिवस चाललं तर एक्झॉस्ट व्हॉल्व्हची कड जळते. बंद पडल्यावर किक हलकी लागत असेल तर हेच. डिकॉम्प्रेसरची केबल ताठ राहून तो अर्धवट उघडा तर राहत नाही ना, हेही त्याच वेळी बघून घ्या.

दुरुस्तीनंतर

एका वेळी एकच गोष्ट बदला. कंडेन्सर, कॉइल, प्लग, पाइप सगळं एकदम बदललं की गाडी सुरू होईल, पण काय गेलं होतं ते कधीच कळणार नाही, आणि नव्या सामानातलं एखादं खराब निघालं तर कुठलं तेही कळणार नाही. ट्रायल घ्यायची ती दुपारी, भर उन्हात, त्याच चढावर, मागे माणूस बसवून. सोसायटीला चार फेऱ्या मारून काही सिद्ध होत नाही.

पॉइंटच काढून इलेक्ट्रॉनिक इग्निशन लावू का, असं हमखास विचारलं जातं. रोज ऑफिसला गाडी नेत असाल तर खुशाल लावा, कटकट कमी होते. पण लांब फिरणार असाल तर एवढं ध्यानात असू द्या की पॉइंटचा सेट, कंडेन्सर आणि पेचकस एवढ्यावर आडगावातही गाडी चालू करता येते, आणि बिघडलेलं इलेक्ट्रॉनिक युनिट रस्त्याच्या कडेला दुरुस्त करता येत नाही.

टूलबॉक्समध्ये एक तपासलेला कंडेन्सर, पॉइंटचा सेट, प्लग, फीलर गेज आणि क्लिपा लावलेली हातभर वायर ठेवा. काढलेला जुना कंडेन्सर मात्र तिथेच फोडून टाका. "असू दे स्पेअर" म्हणून तो डब्यात जातो, वर्षभराने कुणीतरी तोच चांगला समजून गाडीला लावतो.